नाचता येत नाही, म्हणून दारू कशाला?

लग्नसराईत आपल्या धानोऱ्याकडे वरात निघाली, की मांडवाच्या कडेला काही माणसे हमखास उभी दिसतात. नवरीचे काकाजी, नवरदेवाची मोठी बहीण, शहरातून आलेला भाचा. पाय ताल धरतात, पण पुढे सरत नाहीत. लोक हसतील ही भीती. मग कोणीतरी "थोडी घे, लाज जाते" म्हणत बाजूला नेतो. आमचा आक्षेप इथे आहे.

गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. पंचशीलातले पाचवे शील आणि बाबासाहेबांच्या 22 प्रतिज्ञा, दोन्ही दारू नाकारतात. ज्या मांडवात शील घेतले, तिथेच ते मोडायचे का? शिवाय दारूने धीर येत नाही, भान जाते. लघवी जास्त होऊन अंगातले पाणी घटते. मे महिन्याच्या उन्हात असे नाचणे म्हणजे उष्माघाताला बोलावणे. लग्नसराईत रात्री दवाखान्यात आलेली, पडून डोके फुटलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत सिकलसेल आहे. या रुग्णांना पाणी कमी पडले किंवा फार दमणूक झाली, तर असह्य वेदना सुरू होऊ शकतात. म्हणून कोणाला हाताला धरून ओढू नये. तो का थांबला, हे त्यालाच ठाऊक.

काही ज्येष्ठ म्हणतात, बौद्धांनी नाचूच नये. पण नृत्य-गीतापासून दूर राहण्याचे शील उपोसथाच्या अष्टशीलात आहे, रोजच्या पंचशीलात नाही. नाच वाईट नाही, नशा वाईट.

आणि नाच उत्तमच यायला हवा, हे कोणी ठरवले? गोंड बांधवांचा रेला बघा. हातात हात, साधी पावले, शेजाऱ्याचा पाय पाहून आपला पाय टाकायचा. तिथे चुकले तरी रिंगण सांभाळून घेते. डीजेसमोर मात्र चौघे नाचतात आणि बाकीचे मोबाईल धरतात. लाज तिथून येते.

तेव्हा वरात ऊन उतरल्यावर काढा. पाण्याची कॅन सोबत ठेवा. डीजे रात्री 10 वाजता बंद करा, कायदाही तेच सांगतो. मोबाईल खिशात राहू द्या. बायांना, म्हाताऱ्यांना रिंगणात जागा द्या. छातीत दुखले, फार दम लागला, तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा. ज्याला नाचायचे नाही, त्याने टाळ्या वाजवाव्यात. त्याचाही आनंद तेवढाच खरा.

जय भीम!