पाहुण्यांसमोर खिल्ली कुणाची?

भारत गणेशपुरे टीव्हीवर तोंड उघडतात तेव्हा आमच्या घरी आवाज वाढवला जातो. माझं माहेर अमरावती, सासर अकोला. अमरावतीकडचा माणूस मुंबईच्या स्टुडिओत आमच्या वऱ्हाडी बोलीत बिनधास्त बोलतो, याचं अप्रूप मला आजही आहे, आणि तक्रारही त्यातूनच आलेली आहे. झी मराठीवर २०१४ मध्ये सुरू झालेलं ‘चला हवा येऊ द्या’ २०२४ पर्यंत चाललं, पुढे नव्या रूपात परतलंही. त्या दहा वर्षांत कार्यक्रमातल्या थुकरटवाडीत प्रेमपटांची किती विडंबनं झाली याची गणती नाही. नट सगळे लक्षात आहेत, प्रहसनं मात्र आठवता आठवत नाहीत.

नटांमध्ये खोट नव्हतीच. भाऊ कदमांनी नुसती मान वळवली तरी हशा पिकतो. श्रेया बुगडे समोरच्याची लकब क्षणात उचलते. सागर कारंडेंचा पोस्टमन अरविंद जगतापांनी लिहिलेली पत्रं वाचायचा तेव्हा हसायला बसलेली माणसं डोळे पुसायची. लिहिलेलं सकस असलं की ही मंडळी काय करू शकतात, याचा तो पुरावाच होता. गणेशपुऱ्यांचं बळ वेगळं आहे. वऱ्हाडी विनोद शब्दांत कमी आणि थांबण्यात जास्त असतो. माणूस आधी ‘हाव ना’ म्हणतो, थांबतो आणि मग सावकाश त्या ‘हाव’ची वाट लावतो. हे थांबणं गणेशपुऱ्यांना साधलेलं आहे, पण प्रहसनात त्यांना तेवढी उसंत मिळेल तर ना! ‘काहून बे’ म्हटलं, हशा आला, पुढचा आत. बोलीतून विनोद व्हायला हवा होता. तिथे बोलीचाच विनोद झाला.

असं का व्हायचं? माझ्या मते दोष मांडणीतच होता. ज्या सिनेमाचं विडंबन करायचं, त्याचीच मंडळी प्रसिद्धीसाठी समोर सोफ्यावर बसलेली. जेवायला बोलावलेल्या पाहुण्याच्या खोड्या त्याच्या ताटासमोर कोण काढणार? मग सिनेमाला धक्का लागत नाही. खिल्ली उडते ती नटाच्या रंगाची, अंगलटीची आणि साडी नेसलेल्या पुरुषाची. श्रेयासारखी अभिनेत्री हाताशी असताना बाईचं काम पुरुषाला द्यायचं आणि त्याच्या चालीवर हसायचं, ही उधळपट्टी झाली.

‘सैराट’चंच बघा. २०१६ मध्ये तो आला आणि गणेश मंडळांपासून कॉलेजच्या गॅदरिंगपर्यंत जो तो आर्ची-परश्या होऊन संथगतीत धावू लागला. पण नागराज मंजुळेंनी ते धावणं, ती गाणी, हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित केलेला तो भव्य वाद्यवृंद हे सगळं जाणूनबुजून मांडलं होतं, उत्तरार्धात मोडण्यासाठी. प्रेमपटाचा साचा खुद्द सिनेमानेच फोडला होता. आमची विडंबनं मध्यंतरापर्यंतच पोचली. नुसती नक्कल म्हणजे विडंबन नव्हे.

विडंबनाला आधी मूळ वस्तू पुरती पचवावी लागते. अत्र्यांनी १९२५ मध्ये ‘झेंडूची फुले’ काढली तेव्हा रविकिरण मंडळाच्या हळव्या प्रेमकवितेची वृत्तं, लकबी, उसासे त्यांना पाठ होते. म्हणून टोला बरोबर बसला. आणि वऱ्हाडला तर ही परंपरा परकी नाहीच. मराठीतले आद्य विनोदकार म्हणून ज्यांचं नाव घेतात, ते ‘सुदाम्याचे पोहे’वाले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वऱ्हाडातच वकिली करत होते. सुदामा आणि बंडूनाना समाजाच्या रूढींनाच हात घालायचे. त्यासाठी कोल्हटकरांना कुणाला साडी नेसवावी लागली नाही.

अकोल्यात एका स्नेहसंमेलनात परीक्षक म्हणून बसले होते, तिथे पोरांनी बसवलेला एक छोटा प्रवेश पाहिला. नायक हात पसरून कपाशीच्या पऱ्हाटीतून संथगतीत धावत येतो. नायिका ओरडते, “आबे, हयू ये! पिंडऱ्या सोलून निघतीन!” तो गुडघ्यावर बसून गुलाब पुढे करतो. ती गुलाब घेते, हुंगते आणि विचारते, “वावर किती हाये? पानी हाये का? अन् नोकरीचं काय झालं?” सभागृह हसलं. मागच्या रांगांतली खेड्यांवरून येणारी पोरं जरा जास्तच जोरात हसली. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, हे त्यांना घरचंच दुखणं. पैसे नाहीत, नेपथ्य नाही, नावाजलेला नट नाही. तरी प्रेमपटाची गुलाबी हवा या पोरांनी तीन प्रश्नांत काढली.

हे पोरांना जमतं, तर टीव्हीवर आणि पडद्यावर पैसा ओतणाऱ्यांना न जमायला काय झालं? नटांची यादी आधी आणि लेखन शूटिंगच्या आदल्या रात्री, हा क्रम उलटा व्हायला हवा. ज्याचं विडंबन आहे त्याला एक तर सोफ्यावर बोलावू नका, नाहीतर बोलावताना स्पष्ट सांगा की आज तुमचीच पाळी आहे. आणि गणेशपुऱ्यांना एकदा मुलीचा बाप करा. शेताच्या धुऱ्यावर बसून आपल्या पऱ्हाटीची नासाडी करत धावणारं जोडपं बघणारा बाप. संवाद चारच पुरतील. फक्त मधे थांबायला वेळ द्या.