प्रत्यक्षदर्शी नसलेला पुरावा

मानवाच्या उत्क्रांतीवरचा सर्वांत लाडका आक्षेप साक्षीदाराचा आहे: माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले? जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत तो जाहीरपणे मांडला. देशातील तीन प्रमुख विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला. आक्षेप घेणारे मुंबईचे माजी पोलीस आयुक्त होते, ही त्यातली गंमत. कोणाच्याही डोळ्यांदेखत न घडलेले खून परिस्थितिजन्य पुराव्यावर शाबित होतात, हे पोलिसांना कोणी शिकवावे?

उत्क्रांतीच्या बाबतीत तर हा पुरावा आधी भाकीत करून मग तपासता येतो. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात; चिंपांझी, गोरिला व ओरांगउटान यांच्यात २४. या सर्वांचा पूर्वज एकच असेल, तर माणसाची एक जोडी गेली कुठे? शेकडो जनुके असलेली अख्खी जोडी नाहीशी झाली असती, तर जीव तगलाच नसता. तेव्हा दोन गुणसूत्रे टोकाला टोक लागून सांधली गेली असणार. तसे झाले असेल, तर त्याच्या खुणाही राहिल्या पाहिजेत. एरवी गुणसूत्राच्या टोकांवर आढळणारी डीएनएची ठरावीक पुनरावृत्ती, म्हणजे टेलोमिअर, या सांधलेल्या गुणसूत्राच्या पोटात सापडली पाहिजे, तीही समोरासमोर तोंड केलेली. शिवाय पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्राला धरून ठेवणारा सेंट्रोमिअर दोन ठिकाणी दिसला पाहिजे. त्यांतला एक निकामी. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात नेमके हेच आढळते. सांध्याची जागा १९९१ मध्ये वाचली गेली. तिथे काहीच मिळाले नसते, तर समान पूर्वजाच्या कल्पनेला मोठा हादरा बसला असता. माणूस स्वतंत्रपणे घडवला गेला असे मानणाऱ्यांना मात्र या निकामी सेंट्रोमिअरचे प्रयोजन सांगता येत नाही.

‘मग आजची माकडे माणूस का होत नाहीत?’ हा दुसरा प्रश्न. चिंपांझी हा माणसाचा आजा नव्हे, चुलत भाऊ. दोघांच्या वाटा साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी फुटल्या. या गैरसमजाला उत्क्रांतीचे समर्थकही जबाबदार आहेत. वाकलेल्या कपीपासून ताठ माणसापर्यंतची ती एका रांगेतली प्रसिद्ध आकृती वर्गावर्गात दाखवली जाते, आणि ती चूक आहे. इथिओपियातील हाडार येथे १९७४ मध्ये सापडलेली ‘ल्युसी’ सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वी दोन पायांवर चालत होती, पण तिचा मेंदू चिंपांझीच्या मेंदूहून फारसा मोठा नव्हता. मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथे सुमारे ३ लाख वर्षांपूर्वी आपल्या जातीचे आद्य मानव होते. त्या सुमारास युरोपात निअँडरथल, तर दक्षिण आफ्रिकेत लहान मेंदूचा होमो नालेदी नांदत होता. यांना एकामागे एक उभे करता येत नाही. त्यांचे संबंधही तुटक नव्हते: २०१० मध्ये निअँडरथलचा जनुकसंच वाचला गेला आणि आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांत त्याचा एक-दोन टक्के अंश निघाला. भारतीयही त्यात आले.

तज्ज्ञांतच एकमत नाही, हा शेवटचा आधार. मतभेद खरे आहेत. मध्य प्रदेशात नर्मदाकाठी हथनोरा येथे १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना मिळालेली कवटी काहींनी होमो इरेक्टसची ठरवली, तर काहींनी तिच्यात आपल्या जातीच्या जवळच्या खुणा पाहिल्या. ती मानवकुलातील प्राचीन शाखेची आहे, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. वाद शाखा कोणती याचा. जोडीला दुसरी कवटी मिळेपर्यंत तो मिटण्याची चिन्हे नाहीत.