मनाची शुश्रूषा आणि आमच्या लेकींचा हक्क

मानसिक आरोग्य सेवा कायदा संसदेने २०१७ मध्ये मंजूर केला आणि २९ मे २०१८ पासून तो अंमलात आला. या कायद्याच्या कलम ३१ ने केंद्र आणि राज्य सरकारांवर एक जबाबदारी टाकली आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्याचे किती तज्ज्ञ असावेत याचे आंतरराष्ट्रीय निकष कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत गाठण्यासाठी सरकारने प्रयत्न करावेत आणि त्यासाठी उच्च शिक्षण संस्थांच्या सहकार्याने शिक्षण-प्रशिक्षणाचे कार्यक्रम आखावेत, असे हे कलम सांगते. ही दहा वर्षे मे २०२८ मध्ये भरतात. कायदा करताना टाळ्या वाजविणारे, मुदत भरत आली की मौन पाळतात, हा या देशाचा जुना अनुभव आहे. म्हणून आम्हीच हा प्रश्न विचारीत आहोत.

परिस्थिती काय आहे? केंद्र सरकारच्याच २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालाने कबूल केले आहे की, देशात एक लाख लोकांमागे ०.७५ मनोविकारतज्ज्ञ आहेत. निकष तीनचा आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे दिसले की, निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचारच पोहोचत नाहीत. आपल्या राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. नागपूरचे १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे, ठाण्याचे १९०१ चे. या चारांपैकी एकही मराठवाड्यात नाही. इंग्रज गेले, संविधान आले, पण वेड्यांचे इस्पितळ कुठे असावे याचा नकाशा मात्र बराचसा इंग्रजांचाच राहिला!

मग उपचाराविना राहिलेली ही माणसे जातात कुठे? ती भगताकडे जातात, देवऋषीकडे जातात, दर्ग्याच्या खांबाला बांधली जातात. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांना पळताही आले नाही. महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना प्राण द्यावे लागले. परंतु भगताला कायद्याने बंदी घातली म्हणून पेशंट आपोआप बरा होत नाही. भगताच्या जागी कोणीतरी शिकलेले, हातात औषध असलेले माणूस त्या गावात उभे करावे लागते. ते माणूस कोण, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

मनोविकारतज्ज्ञ तयार व्हायला एमबीबीएस आणि त्यानंतर तीन वर्षांचे एमडी लागते. एवढे करून तो तालुक्याला राहील याची खात्री नाही. अशाच अडचणीतून अमेरिकेने एक वाट काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये तिथे राष्ट्रीय मानसिक आरोग्य कायदा झाला आणि मनोविकारतज्ज्ञांबरोबर परिचारिकांच्या शिक्षणालाही सरकारी पैसा मिळू लागला. हिल्डेगार्ड पेप्लाऊ या विदुषीने १९५४ मध्ये रटगर्स विद्यापीठात मानसोपचार परिचर्येचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. परिचारिका म्हणजे डॉक्टरच्या मागे ट्रे धरून उभी राहणारी बाई नव्हे, रुग्णाशी जुळलेले तिचे नाते हाच उपचाराचा भाग आहे, ही त्यांची भूमिका होती. पुढे १९६५ मध्ये कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी ‘नर्स प्रॅक्टिशनर’ ही कल्पना प्रत्यक्षात आणली. या दोन प्रवाहांतून आजची सायकियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनर घडली.

तिचे शिक्षण काय असते? आधी ती नोंदणीकृत परिचारिका असावी लागते. त्यानंतर मास्टर्स किंवा डॉक्टरेट. शरीरातील बिघाडांचे शास्त्र, औषधशास्त्र आणि रुग्णतपासणी हे तीन विषय पक्के करावे लागतात. त्यावर मानसिक अवस्थेची तपासणी, निदान, आत्महत्येच्या धोक्याचा अंदाज, संवादातून करावयाचे उपचार. अनुभवी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली शेकडो तास प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काम केल्याखेरीज तिला राष्ट्रीय परीक्षेला बसता येत नाही. ती परीक्षा पास झाल्यावर ती निदान करते, औषध लिहून देते आणि निम्म्याहून अधिक राज्यांत ते स्वतःच्या अधिकारात करते. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले, त्याच विद्यापीठाच्या नर्सिंग स्कूलमध्येही हे शिक्षण मिळते, हे आमच्या मुलींनी मुद्दाम ध्यानात ठेवावे.

आता आपल्याकडे पाहू. एम.एस्सी. नर्सिंगच्या दोन वर्षांच्या पदवीत मानसिक आरोग्य परिचर्या हा एक स्वतंत्र विषय आहे. बी.एस्सी. नर्सिंगला ५५ टक्के गुण आणि एक वर्षाचा अनुभव ही मुख्य अट, अनुसूचित जाती-जमातींना गुणांत पाच टक्के सवलत. म्हणजे शिक्षणाचे दार आहे. पण दाराच्या पलीकडे काय आहे? ही पदवी घेतलेली मुलगी बहुधा एखाद्या नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागते. रुग्णाच्या खाटेपाशी तिच्या या पदवीला वेगळा अधिकार नाही.

कायदाच वाचून पाहा. २०१७ च्या कायद्यातील मानसिक आरोग्य परिचारिकेच्या व्याख्येत मानसोपचार परिचर्येची पदवी किंवा पदविका घेतलेली येते आणि सर्वसाधारण नर्सिंगची पदवी किंवा पदविका घेतलेलीही येते. दोघी एकाच मापात! मग दोन वर्षे पगार बुडवून, फी भरून मास्टर्स कोणी का करावे? वर कलम १०६ सांगते की, आपल्या व्यवसायाच्या क्षेत्रात अधिकृत नसलेले औषध वा उपचार कोणत्याही मानसिक आरोग्य व्यावसायिकाने सुचवू नयेत. हे कलम योग्यच आहे. परंतु मास्टर्स केलेल्या परिचारिकेचे क्षेत्र कोणते, हे कोणी ठरवायचे? ते ठरविलेच नाही, तर हे कलम तिच्यासाठी कुंपण बनते.

औषध चालू करणे हा उपचाराचा एक भाग झाला. औषध चालू राहणे हा त्याहून अवघड भाग. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण गोळ्यांनी सुधारतो, मग हातपाय ताठरतात, हात थरथरतो, घरचे घाबरून गोळी बंद करतात आणि दोन महिन्यांत तो पुन्हा रस्त्यावर येतो. लिथियम घेणाऱ्याच्या रक्ताची वेळोवेळी तपासणी करावी लागते, ती चुकली तर जीवावर बेतते. ही लक्षणे ओळखणारी, मात्रा कमी-जास्त करण्याचा मर्यादित अधिकार असलेली आणि कधी मनोविकारतज्ज्ञाकडे धाडायचे हे जाणणारी परिचारिका तालुक्याला असेल, तर किती संसार वाचतील!

यावर दोन आक्षेप येतात. पहिला डॉक्टरांच्या संघटनांचा. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ ने सामुदायिक आरोग्य सेवकांना प्राथमिक व प्रतिबंधात्मक सेवेपुरता मर्यादित परवाना देण्याची तरतूद केली, तेव्हा देशभर निदर्शने झाली. अर्धशिक्षितांच्या हाती औषध देऊ नका, हे त्यांचे म्हणणे आम्हालाही मान्य आहे. पण मास्टर्स केलेली परिचारिका अर्धशिक्षित कशी? भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. जिथे मिनिटामिनिटाला जीव टांगणीला असतो तिथे अशी परिचारिका चालते, तर मनाच्या आजारात का चालू नये? ज्ञान आमच्याकडेच राहावे, दुसऱ्याने फक्त सेवा करावी, ही वृत्ती आमच्या ओळखीची आहे. तिला आम्ही हजारो वर्षे ओळखतो.

दुसरा आक्षेप आमच्याच माणसांचा आहे आणि तो आम्ही अधिक गंभीरपणे घेतो. श्रीमंतांना डॉक्टर आणि गोरगरिबांना नर्स, अशी ही आरोग्यातली चातुर्वर्ण्य व्यवस्था तर होणार नाही ना? ही भीती रास्त आहे. अर्ध्या वर्षाचे सर्टिफिकेट देऊन कोणालाही गावात पाठविण्याचा बेत असेल, तर त्याला पहिला विरोध आम्ही करू. म्हणूनच आमचा आग्रह पदव्युत्तर शिक्षणाचा आहे, परीक्षेचा आहे, स्वतंत्र नोंदणीचा आहे. मनोविकारतज्ज्ञांची संख्या वाढविण्याची मागणी सोडून ही मागणी नाही, त्या मागणीच्या बरोबरीने ही आहे. कायद्याच्या कलम १८ ने मानसिक आरोग्य सेवेचा हक्क देताना जातीवरून भेदभाव चालणार नाही असे स्पष्ट लिहिले आहे. दर्जाच्या बाबतीतला भेदभावही त्यात येतो.

आणि जातीचा विषय निघालाच आहे तर बोलू. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादला रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी पवईच्या आयआयटीत दर्शन सोळंकी गेला. प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणाले, पोरगं मनाने कमकुवत होते. अपमान बाहेरून होतो आणि दोष मात्र मनाला दिला जातो! २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेव साहा खटल्यात मानसिक आरोग्य हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले आणि १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमण्याचा निर्देश दिला. या निर्देशाचे आम्ही स्वागत करतो. पण जातीची जखम काय असते हे ज्याला कधी शिकविलेच नाही, तो खुर्चीवर बसून काय ओळखणार? मानसोपचार परिचर्येच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात जात, अपमान आणि त्यातून येणारा ताण हा विषय शिकविलाच पाहिजे. आणि ज्या मुली वस्तीची भाषा जाणतात, ‘करणी’ आणि ‘बाहेरची बाधा’ या शब्दांमागचे दुखणे ज्यांना न सांगता कळते, त्या मुली या शिक्षणात मोठ्या संख्येने आल्या पाहिजेत.

सोवळ्या-ओवळ्याच्या या समाजाने रुग्णाचे मलमूत्र काढणे हलके काम मानले. म्हणून प्रतिष्ठितांनी हा पेशा टाळला आणि ख्रिस्ती भगिनींबरोबर आमच्या वस्तीतल्या लेकींनी तो पत्करला. पण आमच्याकडे या सेवेचा वारसा मोठा आहे. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. तथागतांनी अंगावर घाण माखून पडलेल्या आजारी भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतः न्हाऊ घातले आणि रुग्णाची सेवा ही माझीच सेवा आहे असे संघाला बजावले. आजार शरीराचा असतो तसा मनाचाही असतो, हेही त्यांनीच सांगून ठेवले आहे. शोकाने भान हरपलेल्या पटाचारेला लोक वेडी म्हणून हाकलीत होते, तिला भगवंतांनी जवळ बोलाविले. तेव्हा हे काम हलके नाही. हलके केले गेले आहे ते त्यातले अधिकार काढून घेऊन.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. राज्यातील चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांना जोडून मानसोपचार परिचर्येच्या पदव्युत्तर जागा वाढवाव्यात आणि मराठवाड्यात स्वतंत्र केंद्र द्यावे. सरकारी सेवेतील परिचारिकेला दोन्ही वर्षे पूर्ण पगारी अभ्यासरजा द्यावी. घर चालविणारी मुलगी बिनपगारी शिकू शकत नाही. बाहेरून येणाऱ्या विद्यार्थिनीला विद्यावेतन द्यावे आणि शिष्यवृत्तीची रक्कम वर्ष संपण्याची वाट न पाहता वेळेवर द्यावी. प्रवेशात आणि शिक्षकांच्या पदांत आरक्षण काटेकोर पाळावे. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात अशा परिचारिकेचे पद मंजूर करावे. कलम ५५ नुसार राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे परिचारिकांची नोंदणी करण्याचे काम आहेच. त्यात मास्टर्स केलेल्यांची वेगळी नोंद ठेवावी. आणि केंद्राने कायद्यात दुरुस्ती करून तिला मर्यादित, पण स्पष्ट अधिकार द्यावा.

समाजालाही आमचे सांगणे आहे. जीएनएम झाली, नोकरी लागली, आता लग्न उरका, एवढ्यावर मुलीचे शिक्षण थांबवू नका. ‘शिका’ या बाबासाहेबांच्या आदेशाला पदविकेची मर्यादा नाही. आपल्या विहारांतून, महिला मंडळांतून या अभ्यासक्रमाची माहिती सांगा, प्रवेश परीक्षेची तयारी करून घ्या. घरात कोणी उदास असेल, जगणे नको म्हणत असेल, तर ते लपवू नका. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक घराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

सरकारने मे २०२८ पर्यंत काय केले, याचा हिशेब आम्ही कायद्याच्या भाषेत मागणार आहोत. कलम ३१ मध्ये शब्द ‘प्रयत्न’ असा आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. या एका शब्दाआड सरकार लपू पाहील, तर प्रयत्न केल्याचा पुरावाही त्यालाच द्यावा लागेल.