शोधनिबंध मोजावेत की वाचावेत?

आयुर्वेद महाविद्यालयांतील अध्यापकांची पुनर्नियुक्ती व पदोन्नती हा संस्था आणि विद्यापीठ यांच्यामधील अंतर्गत प्रश्न आहे. दवाखाना चालविणाऱ्या वैद्याचा अथवा फार्मसीच्या मालकाचा त्याच्याशी संबंध नाही, असा समज आपल्या व्यवसायात रूढ आहे. आमच्या मते हा समज चुकीचा आहे. ज्या संशोधनाच्या आधारे आपण रुग्णास निःशंकपणे औषध देतो आणि ज्याच्या अभावी त्याच्या प्रश्नापुढे निरुत्तर होतो, ते संशोधन कोणत्या प्रकारचे व्हावे हे पुष्कळ अंशी पदोन्नतीचे निकषच ठरवीत असतात. अध्यापक हाही प्रपंच असलेला मनुष्य आहे. ज्या कामाचे श्रेय मिळते, ते काम तो आधी हाती घेणार, हे उघड आहे.

गुळवेलीचे उदाहरण आपल्या सर्वांच्या स्मरणात असेल. जुलै २०२१ मध्ये मुंबईतील यकृतविकारतज्ज्ञांनी गुळवेलीचे सेवन केलेल्या सहा रुग्णांतील यकृतविकाराचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. वनस्पतीची ओळख निश्चित केल्याविना गुळवेलीस दोष देणे योग्य नव्हे, असे उत्तर आयुष मंत्रालयाने दिले. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही खरी गुडूची आणि तिच्याशी साम्य असणारी टिनोस्पोरा क्रिस्पा या दोन जातींमधील भेदाकडे तेव्हा सर्वांचे लक्ष वेधले गेले. त्या दिवसांत प्रत्येक वैद्याला रुग्णांनी एकच प्रश्न विचारला, “आम्ही घेतो ती गुळवेल कोणती?” फार्मसीच्या मालकालाही आपण विकत घेतलेल्या कांडांविषयी हीच शंका पडली.

या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल असा संशोधक कसा असेल, याची कल्पना करावी. तो द्रव्यगुण विभागातील अध्यापक असेल. बाजारातील गुळवेलीचे नमुने ऋतुपरत्वे गोळा करून, त्यांची सूक्ष्मदर्शकीय व रासायनिक परीक्षा करून, तो वर्षानुवर्षे नोंदी ठेवील. पाच वर्षांनंतर त्याच्यापाशी शेकडो नमुने, भरलेल्या वह्या आणि कदाचित एकच शोधनिबंध असेल. त्याच निवड समितीपुढे दुसरा उमेदवार ग्रंथांतील संदर्भ एकत्र करून लिहिलेले पंधरा निबंध घेऊन उभा राहिला, तर केवळ संख्या मोजणारी समिती कोणाची निवड करील, हे सांगावयास नको.

ही मोजणीची पद्धत आली कोठून, हे पाहणे उद्बोधक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या विनियमांद्वारे अध्यापकांच्या शैक्षणिक कामगिरीस गुण देण्याची पद्धत घालून दिली. हेतू चांगला होता. वशिल्यास आळा बसावा आणि निवडीस काही वस्तुनिष्ठ आधार मिळावा, ही त्यामागील अपेक्षा होती. परंतु निबंधास गुण मिळू लागताच शुल्क घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. मे २०१८ मध्ये आयोगास आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. त्यानंतर २०१९ मध्ये ‘केअर’ ही नवी यादी आली. तिचे काम आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली आणि नियतकालिकांची पारख करण्याची जबाबदारी पुन्हा संस्थांवर सोपविली. आयुर्वेद महाविद्यालयांचे नियमन वेगळे आहे. २०२१ पासून ते राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाकडे आहे. तथापि मोजणीची सवय नियमांच्या सीमा पाळीत नाही. म्हणून निकषांची फेरमांडणी सर्वत्र होऊ घातली असताना आपणही आपले मत मांडणे अगत्याचे आहे.

कोणी म्हणेल, की संख्या नको तर नियतकालिकाचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ पाहावा. तोही मार्ग निर्धोक नाही. कोणती नियतकालिके विकत घ्यावीत हे ग्रंथपालांना ठरविता यावे, यासाठी हे मापन मुळात निर्माण झाले. व्यक्तीची नेमणूक वा बढती ठरविताना त्याचा उपयोग करू नये, असे डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे झालेल्या बैठकीतून पुढे आलेल्या जाहीरनाम्यात स्पष्टपणे म्हटले आहे. आधुनिक विज्ञानशाखांतील जाणत्यांनीच ज्याविषयी सावध केले, ती फूटपट्टी आपण शिरोधार्य का मानावी?

पारंपरिक चिकित्सेच्या क्षेत्रातील अलीकडचे सर्वांत मोठे यश या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. चीनमधील तू योयो यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. प्राचीन चिनी ग्रंथातील उल्लेखावरून दिशा घेऊन त्यांच्या गटाने हिवतापावरील आर्टेमिसिनिन हे द्रव्य मिळविले. त्यांच्याजवळ डॉक्टरेट नव्हती; परदेशी प्रशिक्षणही नव्हते. या द्रव्याच्या रासायनिक रचनेविषयीचा १९७७ चा निबंध तर व्यक्तींच्या नावे नव्हे, संशोधनगटाच्या नावे प्रसिद्ध झाला. आपल्याकडील गुणपत्रकात अशा कामाची नोंद कोणत्या रकान्यात झाली असती?

वास्तविक आचार्याची परीक्षा कशी करावी, हे आपणांस परक्यांकडून शिकण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शास्त्राची परीक्षा, आचार्याची परीक्षा आणि तद्विद्यसंभाषा यांचा विचार क्रमाने आला आहे. आचार्य शास्त्राचा ज्ञाता असावा, त्याने प्रत्यक्ष कर्म पाहिलेले असावे आणि शिष्यास ते समजावून देण्याचे सामर्थ्य त्याच्या ठायी असावे, ही तेथील अपेक्षा आहे. त्याच्या ग्रंथांची संख्या तेथे विचारलेली नाही. तद्विद्यसंभाषा म्हणजे तरी काय? जाणत्याने जाणत्याचे काम समोरासमोर तपासणे होय.

याच आधारावर आम्ही काही सूचना करू इच्छितो. उमेदवाराने आपली सर्वोत्तम वाटणारी केवळ तीन कामे सादर करावीत आणि समितीने ती प्रत्यक्ष वाचून त्यांवर लेखी अभिप्राय द्यावा. नमुन्यांचा संग्रह, भैषज्यकल्पनेतील प्रमाणित कार्यपद्धती, आतुरालयातील सुव्यवस्थित रुग्णनोंदी आणि औषधांच्या दुष्परिणामांचे अहवाल यांना निबंधाइतकेच मोल द्यावे. एखाद्या कल्पाचा अपेक्षित गुण आला नाही, असे प्रामाणिकपणे दाखविणारे कामही ग्राह्य मानावे. अन्यथा प्रत्येक प्रबंधात प्रत्येक औषध यशस्वीच ठरत राहील. समितीवर बाहेरील एक व्यवसायी वैद्य असावा. रसशास्त्र व भैषज्यकल्पना विभागाच्या बाबतीत औषधनिर्मितीचा अनुभव असलेली, परंतु त्या संशोधनाशी आर्थिक हितसंबंध नसलेली व्यक्तीही असावी.

पुनर्नियुक्तीविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. एकाच भस्माच्या अनेक घाण्या तयार करून त्यांची परस्परांशी तुलना करणे, किंवा आसवारिष्टांत कालांतराने होणारे बदल पाहणे, ही कामे एका वर्षात उरकत नाहीत. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात बोस्टन परिसरातून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा अथवा आर्सेनिक आढळले. त्या वृत्ताची झळ आपल्या फार्मसींना दीर्घकाळ सोसावी लागली. अशा आक्षेपास उत्तर द्यावयाचे ते घोषणांनी नव्हे, तर दीर्घ व चिकाटीच्या प्रयोगांनीच. ज्याची नेमणूक दरवर्षी नव्याने व्हावयाची आहे, तो कंत्राटी अध्यापक असा प्रयोग आरंभील कसा? म्हणून मान्य झालेल्या संशोधनाचा जो कालावधी, तोच त्याच्या नेमणुकीचा किमान कालावधी असावा. मध्यंतरी दरवर्षी प्रगतीचा आढावा अवश्य घ्यावा.

यावर एक आक्षेप निश्चित येईल. वाचून ठरवावयाचे म्हटले की मर्जी आली आणि मर्जी आली की वशिला आला. आकडा निदान सर्वांना सारखा असतो. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. परंतु जो आकडा शुल्क भरून वाढविता येतो, तो सर्वांना सारखा कसा? वशिल्यावर खरा उपाय म्हणजे कारणे लेखी देणे, परीक्षक बाहेरचे नेमणे आणि निवड झालेल्या उमेदवाराची तीनही कामे ग्रंथालयात सर्वांस खुली ठेवणे. जो अभिप्राय उद्या कोणीही वाचू शकेल, तो लिहिताना परीक्षकाची लेखणी आपोआप सावध होते.

अर्थात केवळ मागणी करून आपली सुटका नाही. शेजारच्या महाविद्यालयातील अध्यापकाने मागितल्यास आपल्या दवाखान्यातील नोंदी, रुग्णाची ओळख गुप्त राखून, आपण देऊ का? फार्मसीतील घाण्यांच्या नोंदी व कच्च्या द्रव्यांचे नमुने तपासणीस उपलब्ध करून देऊ का? निष्कर्ष आपल्या उत्पादनाच्या विरोधात गेला तरी तो प्रसिद्ध होऊ देऊ का? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तरच निवड समितीकडे बोट दाखविण्याचा अधिकार आपणांस पोहोचतो. संघटनेच्या शाखांनी आपापल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांशी या विषयावर पत्रव्यवहार आरंभावा, अशी आमची नम्र विनंती आहे.