धरणाकांठीं कुत्र्यासह

धर्मराजानें बरोबरच्या कुत्र्यास टाकून स्वर्गांत पाऊल ठेवण्याचें नाकारलें, ही महाप्रस्थानिक पर्वांतील कथा आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या डोळ्यांत पाणी आणून ऐकली जाते. कथा संपली, प्रसाद वांटला, आणि तेवढ्यांत आळींतला एखादा कुत्रा ओसरीची पायरी चढूं लागला, तर कथेकरीबुवांसकट सारेजण 'हाड् हाड्' करीत उठतात! माझें बालपण अशाच एका वाड्यांत गेलें. कुत्र्याची जागा दिंडीदरवाजाबाहेर, त्याचें अन्न उरलेली भाकरी, आणि त्याचें फिरणें त्याचें त्यानेंच उरकावयाचें, अशी सरळ वांटणी होती. कुत्र्याला 'फिरावयास नेणें' हे शब्द त्या वेळीं आमच्या आजीच्या कानीं पडते, तर तिनें सांगणाऱ्याच्याच प्रकृतीची चौकशी केली असती.

म्हणून इंग्लंडांत शेफील्ड येथें मुलीच्या बिऱ्हाडीं गेलों असतां, "बाबा, उद्यां काळूला घेऊन धरणावर जाऊं," असें जांवईबापू म्हणाले, तेव्हां मला प्रथम वाटलें कीं धरण पाहावयास आपण जाणार आणि कुत्रा केवळ सोबतीला येणार. वस्तुस्थिति उलट होती. जावयाचें होतें तें काळूसाठीं, आणि सोबतीला होतों आम्ही. वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलेंबाळें आज त्या देशांत आहेत. त्यांच्याकडे जाण्याचा योग येईल त्यांना ही हकीकत उपयोगी पडेल, या समजुतीनें ती येथें देत आहें. तींत माझ्या शहाणपणाचा भाग थोडा आहे, हें आधींच सांगून टाकतों.

शेफील्डच्या पश्चिमेस मोटारीनें सुमारें अर्ध्या तासावर डर्वेंट नदीचें वरचें खोरें लागतें. हा मुलूख पीक डिस्ट्रिक्ट या राष्ट्रीय उद्यानांत मोडतो. १९५१ सालीं स्थापन झालेलें हें ब्रिटनमधील पहिलें राष्ट्रीय उद्यान होय. खोऱ्यांत एकाखालीं एक अशीं तीन धरणें आहेत. सर्वांत वरचें हाउडन १९१२ सालीं व त्याखालचें डर्वेंट १९१६ सालीं पुरें झालें; सर्वांत खालचें लेडीबॉवर १९३५ ते १९४३ या काळांत बांधलें गेलें आणि १९४५ सालीं भरलें. शेफील्ड, डर्बी, नॉटिंगहॅम व लेस्टर या शहरांच्या पाण्यासाठीं हा सारा खटाटोप. वरचीं दोन्ही धरणें घडीव दगडांचीं असून, पाणी कांठोकांठ भरलें म्हणजे तें भिंतीच्या माथ्यावरून सरळ खालीं कोसळतें. दुरून पाहतां एखादें शुभ्र लुगडें वाळत घातल्यासारखें दिसतें. लेडीबॉवरच्या पाण्याखालीं डर्वेंट आणि ॲशप्टन हीं दोन गांवें गेलीं. डर्वेंटच्या चर्चचा मनोरा तेवढा कांहीं काळ पाण्यांतून डोकें वर काढून होता. तोही १९४७ सालीं सुरुंगानें पाडण्यांत आला. आजोबांच्या तोंडून मुळशीच्या सत्याग्रहाची हकीकत ऐकलेल्या माणसाला तें संथ पाणी पाहतांना निव्वळ आनंद होत नाहीं, एवढें लिहून पुढें जातों.

डर्वेंट धरणाच्या पायथ्याशीं फेअरहोम्स म्हणून ठिकाण आहे. तेथें मोटार ठेवावी, पूर्वेच्या अंगानें जंगलांतली वाट धरावी, दोन्ही जलाशयांस वळसा घालून पश्चिमेच्या रस्त्यानें परत यावें. असा सुमारें दहा मैलांचा फेरा होतो. मोठा वाटेल, परंतु वाट बहुतेक सपाट असल्यानें माझ्यासारख्या साठी ओलांडलेल्या माणसालाही तो झेपला. उतारावर पाइन, स्प्रूस, लार्च यांची लावलेली दाट राई, मधून मधून जुने ओक आणि बर्च. झाडांखालीं पडलेल्या काट्यांचा थर इतका मऊ कीं पावलांचा आवाज होत नाहीं. काळू नाकानें वाचीत चालला होता. आपण वर्तमानपत्र वाचतों तसा एकेक बुंधा तो सावकाश वाचीत होता, आणि नातू त्याच्यामागें दोरी धरून प्रत्येक मजकुराशीं थांबत होता. पाणी दिसलें कीं कुत्रा तिकडे ओढतो; परंतु उन्हाळ्याच्या अखेरीस अशा जलाशयांवर निळें-हिरवें शेवाळ धरतें, त्यांतलें विष पोटांत गेल्यास कुत्रा कांहीं तासांत दगावूं शकतो. त्या दिवसांत त्याचें पाणी घरून न्यावें हें बरें. परतल्यावर केसांत गोचीड आहे कीं काय, तेंही पाहावें.

आतां दोरीविषयीं. इंग्लंडांतील शेतांतून व कुरणांतून सार्वजनिक पायवाटा जातात, आणि त्यांवरून कुत्र्यालाही मज्जाव नसतो. तो ताब्यांत मात्र असावा लागतो. वाट सोडून उघड्या माळावर हिंडण्याचा हक्क लोकांना फुकट मिळालेला नाहीं. याच डोंगराळ भागांत किंडर स्काउट नांवाचें पठार आहे. तेथें १९३२ सालीं शेंकडों कामकरी तरुण मालकांची बंदी मोडून चढून गेले, आणि त्यांतल्या पांचजणांना तुरुंग पाहावा लागला. कायद्यानें ती मोकळीक सर्वत्र दिली ती २००० सालीं. माणसाला मोकळीक देतांना त्याच कायद्यानें कुत्र्याला दोरी लावली. १ मार्चपासून ३१ जुलैपर्यंत अशा मोकळ्या माळावर कुत्रा दोन मीटरांहून आंखूड दोरीनें बांधलेला हवा. गुरेंमेंढरें जवळपास असतील तेथें तर बाराही महिने. कारण त्या महिन्यांत टिटव्या, कुरव, ग्राउस हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडीं घालतात, आणि मेंढ्या गाभण असतात किंवा विणाऱ्या असतात. एक प्रसंग मात्र असा आहे कीं तेथें दोरी सोडावी. वासरें सोबत असलेल्या गाई कुत्र्यावर चालून आल्या, तर त्याला सोडून द्यावें. तो धांवून निसटतो, आणि धरून ठेवणारा मनुष्य तुडवला जातो.

हें सर्व जांवईबापूंनीं मला वाटेंत सांगितलें होतें. मीं तें ऐकलेंही होतें. मार्चचा शेवटचा आठवडा होता. हाउडनच्या माथ्याशीं, जेथें नदी जलाशयास मिळते त्याच्या थोडें वर, डर्वेंट गांवचा जुना दगडी पूल, दगड न् दगड सोडवून आणून, पुन्हा उभारलेला आहे. तेथें राई संपते आणि माळ लागतो. ऊन पडलें होतें. आम्ही खालीं बसून पोहे खाल्ले. जांवईबापू व मुलगी पूल पाहावयास गेलीं. काळू मान ताणून माळाकडे पाहत होता, आणि मला वाड्याबाहेरचीं, कोणीही न बांधलेलीं कुत्रीं आठवलीं. मी नातवाला म्हणालों, "अरे, सोड त्याला घटकाभर. येथें कोण आहे?"

"आजोबा, नको. बाबा रागावतील."

"मी सांगतों त्यांना."

उंचवट्याच्या पलीकडे मेंढ्या होत्या. त्या आम्हांला दिसल्या नाहींत, काळूला वासानें दिसल्या. पुढचें सारें दोन-तीन मिनिटांत झालें. तीस-चाळीस मेंढ्या एका घोळक्यानें दगडी गडग्याच्या बाजूस धांवल्या; काळू त्यांच्यामागें, शेंपूट हालवीत, खेळांत रंगल्यासारखा. त्यानें एकीलाही तोंड लावलें नाहीं. शेवटीं एक मेंढी गडग्याशीं अडकून खालीं बसली, तेव्हां तोही गोंधळून तिच्यापुढें बसला.

मेंढपाळ वरून उतरत आला. त्याचा कुत्रा त्याच्या एका शिटीसरशीं गवतांत पोट टेकून जो बसला, तो शेवटपर्यंत हालला नाहीं. मला वाटलें हा आतां शिव्या देईल. त्यानें प्रथम मेंढी उभी केली, तिच्या पोटावरून हात फिरवला, मग आमच्याकडे पाहिलें. जांवईबापू धांवत आले होते. त्यांनीं दिलगिरी व्यक्त केली आणि कुत्रा चावला नाहीं असें सांगितलें. तो म्हणाला, "चावला नाहीं हें मीं पाहिलें. पण तें तिला कोण सांगणार?" विण्यास तीन-चार आठवडे राहिलेली मेंढी अशी धांवली तर गाभ टाकते, आणि तें लगेच कळत नाहीं, असें त्यानें समजावून सांगितलें. तेथें १९५३ च्या कायद्यानें मेंढरांचा नुसता पाठलाग हाही गुन्हा ठरतो, आणि दुसरा उपाय न उरल्यास कळप राखण्यासाठीं शेतकऱ्यानें कुत्रा गोळी घालून मारल्यास १९७१ चा कायदा त्याला संरक्षण देतो. यांतलें एक अक्षरही तो बोलला नाहीं. मला तें मागाहून कळलें. जांवईबापूंनीं आपलें नांव व टेलिफोनचा आकडा लिहून दिला. काळूला कोणीं सोडलें हें त्यांनीं विचारलें नाहीं. मीच सांगितलें.

परतीच्या रस्त्यावर कोणी फारसें बोललें नाहीं. डर्वेंट धरणाच्या पश्चिम टोंकाशीं रस्त्याच्या कडेला एक लहानसें दगडी स्मारक आहे, तेथें आम्ही थांबलों. तें टिप नांवाच्या मेंढ्या राखणाऱ्या कुत्रीचें. १२ डिसेंबर १९५३ रोजीं तिचा वृद्ध धनी जोसेफ टॅग तिच्यासह हाउडनच्या माळावर गेला आणि परतलाच नाहीं. २७ मार्च १९५४ रोजीं त्याचें प्रेत सांपडलें, तेव्हां टिप त्याच्याशेजारीं जिवंत होती. त्या उंचीवरच्या हिंवाळ्याचे पंधरा आठवडे तिनें तेथें काढले होते. लोकांनीं वर्गणी काढून हा दगड उभारला. रायगडावरील वाघ्याच्या कथेविषयीं आपल्याकडे इतिहासज्ञांचे वाद चालतात. येथें तारखा दगडावरच कोरलेल्या आहेत. नातवानें त्या मोठ्यानें वाचल्या, मग मला विचारलें, "आजोबा, तिला दोरी होती?" दगडावर त्याविषयीं कांहीं लिहिलेलें नव्हतें.

सुमारें तीन आठवड्यांनीं मेंढपाळाचा टेलिफोन आला. त्या मेंढीला दोन कोंकरें झालीं. एक उभें राहून दूध पिऊं लागलें, एक मेलेलें निघालें. त्या दिवसाच्या धांवण्यामुळेंच असें झालें, असें तो म्हणाला नाहीं. त्यामुळें नव्हे, असेंही म्हणाला नाहीं. जांवईबापूंनीं कोंकराची किंमत विचारली, त्यानें ती सांगितली. ती माझ्या पैशांतून पाठवावी असा मीं आग्रह धरला आणि मुलीनें तो मानला.

माझा मुक्काम हलेपर्यंत आम्ही आणखी तीन वेळां त्या खोऱ्यांत गेलों. तिन्ही वेळां दोरी माझ्याच हातांत होती, आणि काळू वाचीत असलेल्या प्रत्येक बुंध्याशीं मी उभा राहत होतों.