साचेखात्यातली खुर्ची

मराठीच्या मास्तराकडे लोक काय मागतील याचा नेम नाही. कोणी नातीसाठी नाव मागतो, कोणी बंगल्यासाठी. गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने 'को-वर्किंग'ला मराठी शब्द मागितला. वर म्हणाला, "सर, आधी जागा बघा, मग शब्द द्या." हा क्रम आमच्या परिभाषा समित्यांनी पाळला असता, तर मराठीचे पुष्कळ हाल वाचले असते! असो. एका दुपारी मी लोअर परळला त्याची कचेरी पाहायला गेलो.

कचेरी म्हणजे एका बंद पडलेल्या कापडगिरणीचे साचेखाते. साचा म्हणजे माग, हे आता सांगावे लागते. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली, आणि पुढे कितीतरी पिढ्या या भागातले संसार भोंग्यावर चालले. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतल्या असंख्यांना पुन्हा आत जाणे जमले नाही. गिरण्या एकेक करून मिटल्या. बहुतेकींच्या जागी मनोरे उभे राहिले. थोड्या ठिकाणी खांब आणि छपरे वाचली.

या छपराकडे मात्र मी मान दुखेपर्यंत पाहत राहिलो. करवतीच्या दात्यांसारखे छप्पर; प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि तिचे तोंड उत्तरेला. उत्तरेकडून थेट ऊन सहसा येत नाही, उजेड मात्र दिवसभर एकसारखा मिळतो. साचेवाल्याला तुटलेला धागा चटकन दिसावा म्हणून केलेली ही योजना. आज त्याच उजेडात संगणकाच्या पडद्यावर तिरीप पडत नाही. बिडाचे खांब होते तिथेच आहेत. पूर्वी दोन खांबांमध्ये साच्यांच्या रांगा बसत, आता टेबलांच्या बसतात. साच्यांच्या खडखडाटात शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नसे, म्हणून साचेवाले ओठांच्या हालचालींवर आणि हातवाऱ्यांवर बोलत. आता शांतता इतकी, की मी खोकलो तर चार माना वळल्या. पण कानांत बोंडे खुपसलेली ती मुलेसुद्धा एकमेकांशी खुणांनीच बोलत होती!

जुनी वास्तू अशी वापरात आली की हळहळणारी एक जात आपल्याकडे आहे. मी त्या जातीचा नाही. ही जागा काही देवघर नव्हती. इथे कापसाचे तंतू छातीत जात; धागा तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवीत आणि त्या उकाड्यात माणसे आठआठ तास उभी राहत. भिंत पाडण्यापेक्षा तिच्या आत कोणी काम करीत असेल तर ते चांगलेच. मी 'सहकचेरी' हा शब्द सुचवला. विद्यार्थ्याने परीक्षेतला अवघड प्रश्न पाहावा तसा चेहरा केला.

तसे पाहिले तर जागा वाटून घेणे या वस्तीला नवे नाही. एकाच खोलीत दहा-वीस जण ट्रंका ठेवून पाळीपाळीने झोपत. रात्रपाळीचा उठून गेला की दिवसपाळीचा त्याच वळकटीच्या जागी आडवा होई. इथे टेबलाचे तेच आहे. आपले असे टेबल नाही. जो आधी येईल तो बसेल. भाडे महिन्याचे. माझा विद्यार्थी जाहिरातींचा मजकूर लिहितो. काम मिळाले तर मिळाले. गिरणीत अशाला 'बदली' म्हणत. पाळी सुरू होताना बदली कामगार दरवाजाशी उभा राही. कायम कामगारांपैकी कोणी आला नाही तर आत बोलावणे, नाही तर घरी. अशी कित्येकांची वर्षे गेली.

त्याच्या आजोबांचीही गेली. ते सातारा जिल्ह्यातले, याच गिरणीत आधी बदली आणि मग कायम साचेवाले. नातवाने त्यांना एकदा इथे आणले. दरवाजावर पहारेकऱ्याने ओळखपत्र मागितले, छातीवर 'पाहुणा' अशी चिठ्ठी चिकटवली. म्हातारा खांब मोजत आत गेला आणि कॉफीच्या यंत्रापाशी थांबला. "हितं माझं दोन साचे." मग त्यांनी विचारले, "तुला किती देत्यात?" नातू म्हणाला, "आबा, मीच देतो. खुर्चीचं भाडं." आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमाला गेटावर उभं ऱ्हायचं पैसं तरी पडत नव्हतं."

विद्यार्थी हे हसत सांगत होता. मला हसू आले नाही. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन तिघांत वाटली जायची होती : शहराच्या मोकळ्या मैदानांना, घरांना आणि मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची उरली. इमारतींखालची जमीन सुटली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती ग्राह्य धरली. म्हणजे ज्या छपराचे मी एवढे कौतुक केले, त्याच्या खालची जमीन वाटणीत येणार नव्हतीच. २०१२ मध्ये कामगारांच्या घरांची सोडत निघाली, तेव्हा घरे सात हजारही नव्हती आणि अर्ज लाखाच्या वर होते.

आबांचे नाव अजून लागलेले नाही. अर्जाची पावती ट्रंकेत आहे, नातवाच्या पदवीच्या कागदाखाली. दर आठवड्याला ते फोनवर एकच प्रश्न विचारतात, "कायम झालास का?" तो म्हणतो, "होईन, आबा." पुढच्या महिन्यापासून तो खुर्ची आठवड्यातून तीनच दिवस घेणार आहे. काम जरा कमी आले आहे.