रक्ताच्या बाटलीआधी एक प्रश्न विचारा

ऑपरेशन किंवा बाळंतपण म्हटले की आपल्या वस्तीत पहिला प्रश्न असतो, "रक्ताच्या किती बाटल्या लागतील?" प्रश्न योग्यच आहे. पण त्याआधीचा प्रश्न आपण विचारत नाही: रक्त थांबवणारे औषध तयार आहे का?

त्या औषधाचे नाव ट्रानेक्सामिक ॲसिड. जखम झाली की रक्त गोठते, त्याची जाळी तयार होते आणि वाहणे थांबते. ही जाळी विरघळवण्याची क्रियाही शरीरातच असते. मोठ्या रक्तस्रावात ती जोर धरते. हे औषध तिला आवर घालते, म्हणून जाळी टिकते. जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोटो या दांपत्याने १९६२ साली ते पुढे आणले.

२०१७ साली २१ देशांतील २०,०६० बाळंतिणींवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत इंजेक्शन मिळालेल्या स्त्रियांत रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सिझेरियनसह सर्व बाळंतपणांत अतिरक्तस्राव झाल्यास त्याची शिफारस केली. उशीर मात्र चालत नाही. दर १५ मिनिटांनी फायदा सुमारे १० टक्क्यांनी घटतो.

आता खडवलीचा विचार करा. रात्री गाडी मिळवायची, कल्याण गाठायचे, तिथून पुढे उल्हासनगर किंवा ठाण्याला पाठवले तर पुन्हा धावपळ. तीन तास रस्त्यातच सरतात. म्हणून पहिला डोस पहिल्याच दवाखान्यात, पुढे पाठवण्याआधी मिळाला पाहिजे. हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आरोग्य केंद्रात त्याचा साठा आहे का, हे ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत विचारणे हा आपला हक्क आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. हे औषध रक्ताची जागा घेत नाही. गर्भाशय आवळणारे इंजेक्शन आणि गरज पडल्यास रक्तही लागतेच. तसेच पाळीत जास्त रक्त जाते म्हणून मेडिकलमधून याच्या गोळ्या मनाने आणून खाऊ नका. पूर्वी पायात वा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, फिट येत असेल किंवा किडनीचा आजार असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा.

घरात गरोदर माता असेल तर सातव्या महिन्यातच आशाताईंना विचारा: "आमच्या दवाखान्यात हे इंजेक्शन आहे का?" उत्तर "नाही" आले, तर ते आणून ठेवायला अजून वेळ हातात असतो.